पाण्याची भांडणं आणि बारावीनंतरची वाट

प्रश्न : मी लातूरची, बारावी सायन्सला आहे. रेल्वेने पाणी आलं तेव्हा लहान होते, पण घागरींच्या रांगा आठवतात. पुढचं महायुद्ध पाण्यावरून होईल म्हणतात, ते खरं का? मला पाण्याच्याच क्षेत्रात काम करायचंय. बाबा म्हणतात, त्यात नोकऱ्या नाहीत, कॉम्प्युटर घे.

उत्तर : महायुद्धाचं भाकीत मी करणार नाही. भारत-पाकिस्तानात नद्यांचं पाणी वाटून देणारा सिंधू करार १९६० चा. १९६५, १९७१ आणि कारगिल, तिन्ही लढायांत तो टिकला. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर मात्र भारताने तो स्थगित केला.

पण संघर्ष बघायला सीमेवर कशाला जायचं? मार्च २०१६ मध्ये तुझ्याच शहरात टाक्यांपाशी आणि टँकर भरतात तिथे जमावबंदीचं १४४ कलम लावावं लागलं होतं. एप्रिलमध्ये मिरजेहून पहिली गाडी आली ती पाच लाख लिटर घेऊन. गोदावरीवरच्या जायकवाडी धरणाचं बघ. नाशिक-नगर वरच्या अंगाला, मराठवाडा खाली. १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या आत असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं, असं सूत्र ठरलं. तरी तुटीच्या वर्षी मोर्चे निघतात, प्रकरण हायकोर्टात जातं. कारण वरच्याला वाटतं आपलं पाणी नेलं, खालच्याला वाटतं मुद्दाम अडवलं.

एकदा मी एका चारीच्या, म्हणजे कालव्याच्या छोट्या फाट्याच्या, टेलला (शेवटच्या टोकाला) उभा होतो. आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याची पाळी, सुरू होऊन चार दिवस झाले होते आणि शेवटच्या शेतकऱ्याच्या बांधाशी चारी कोरडी. वरच्यांनी रात्री दारं उचलली, असा त्याचा आरोप. वरचे म्हणत, आम्हालाच कमी आलं. हमरीतुमरी सुरू झाली. पाटकऱ्याने (कालव्याचं पाणी वाटणाऱ्या कर्मचाऱ्याने) पाण्याची मापनपट्टी दाखवली, तर तिच्यावरचे आकडे गंजून पुसलेले! कोण खरं बोलतंय हे ठरवायला तिथे काहीच नव्हतं. माझ्या मते पाण्यातलं खरं करिअर इथून सुरू होतं. पाणी मोजता येणारा आणि दोन्ही बाजूंचं ऐकून घेणारा माणूस आपल्याकडे फार कमी सापडतो.

म्हणून आधी मोजायला शिक. गणित असेल तर सीईटी देऊन स्थापत्य (सिव्हिल) अभियांत्रिकी घे, किंवा परभणी वा राहुरीला कृषी अभियांत्रिकी. सरकारी भरतीत स्थापत्यचा दरवाजा जास्त रुंद आहे. जमिनीखालच्या पाण्याची ओढ असेल तर बीएस्सीला भूगर्भशास्त्र घे. भूजल सर्वेक्षण यंत्रणेचं काम त्याच विषयावर चालतं. पदव्युत्तरला जलसंपदा अभियांत्रिकी किंवा पाणी धोरण घेता येईल. आंतरराज्य पाणीतंट्यांचा कायदा १९५६ चा, राज्याच्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा २००५ चा. हे दोन्ही कायदे इंजिनिअर झाल्यावरही वाच, पाण्याचे निम्मे वाद कागदावर लढले जातात.

बाबांची काळजी खोटी नाही. पाण्याच्या खात्यांत दरवर्षी भरती निघत नाही. पण त्यांचं कॉम्प्युटर इथेही लागतं. उपग्रहाच्या चित्रांवरून पिकाखालचं क्षेत्र काढणं, नकाशे करणं, पुराचा अंदाज बांधणं, सगळं त्यावरच चालतं. जीआयएस, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशा आणि माहिती जोडायचं तंत्र, पहिल्या वर्षापासून शिकत राहा.

परीक्षा संपली की उन्हाळी आवर्तन चालू असेल अशा एखाद्या कालव्यावर जा, बाबांनाही ने. पाटकऱ्याबरोबर एक दिवस मुखापासून टेलपर्यंत चाला. मग शाखा निवडा, दोघं मिळून.