घरकामाचा राडारोडा: कमी खर्चात कुठं आणि कसा न्यायचा?

लग्नसराईच्या आधी आणि पावसाळ्याच्या तोंडावर सोलापुरात घराघरांत तोडफोड सुरू होते. मग दारात पडलेला ढीग उचलायचा कुणी, किती पैशांत, आणि टाकायचा कुठं, हे प्रश्न येतात. ही कामं मी धंदा म्हणून करतो, म्हणून या वेळी आलेल्या पत्रांतले पाच प्रश्न घेतले आहेत; आधी प्रश्न, खाली माझं उत्तर.

जुळे सोलापुरात दुसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. दोन्ही बाथरूम आणि स्वयंपाकघराच्या फरश्या-टाइल्स काढायच्या आहेत, मधली एक चार इंची भिंतही पाडायची आहे. ठेकेदार म्हणतो चार ट्रॉल्या मलबा निघेल आणि त्याचे पैसे वेगळे. हा हिशेब खरा आहे का?

तोडायच्या आधी विचारलंत ते फार बरं केलंत. ढीग पडल्यावर भाव करायला गेलं की समोरचा सांगेल तोच दर होतो.

हिशेब तुम्ही घरबसल्या करू शकता. आपल्याकडे मलबा ब्रासमध्ये मोजतात, आणि १ ब्रास म्हणजे १०० घनफूट. तुमची बाथरूम ४ बाय ७ फुटांची, भिंतींना ७ फुटांपर्यंत टाइल्स आहेत असं धरू. टाइल आणि मागचा मसाला मिळून जाडी सव्वा इंच, खालच्या फरशीखाली तीन इंच. एका बाथरूममधून सुमारे २१ घनफूट निघतं, दोन्हींतून ४२. आठ फूट लांब, नऊ फूट उंच चार इंची भिंत दोन्हीकडच्या गिलाव्यासह ३१-३२ घनफूट होते. स्वयंपाकघराची जमीन, ओटा आणि त्यावरच्या टाइल्स मिळून पंचवीसेक. बेरीज १०० घनफुटांच्या आसपास.

पण हे न फोडलेलं माप आहे. फोडल्यावर तुकड्यांमध्ये पोकळ्या राहतात, माल दीडपट फुगतो. म्हणजे प्रत्यक्षात दीड ब्रासच्या आत-बाहेर. साध्या ट्रॉलीत साधारण १ ब्रास बसतो, तेव्हा दोन खेपा पुरतात. चार खेपा तेव्हाच होतील, जेव्हा बाथरूमच्या पाइपांसाठी मुद्दाम खाली घेतलेल्या स्लॅबमधला भरावही उपसायचा असेल. तो उपसणार आहात का, हे ठेकेदाराला स्पष्ट विचारा. गळती नसेल तर त्याला हात लावू नका.

आता खरा खर्च कुठं होतो ते बघा. ट्रॅक्टरच्या भाड्याइतकाच, कधी त्याहून जास्त पैसा दुसऱ्या मजल्यावरून माल खाली आणण्यात जातो. सिमेंटच्या रिकाम्या गोणीत सव्वा घनफूट मलबा बसतो आणि ती गोणी चाळीस-पंचेचाळीस किलोची होते. तुमच्याकडे अशा सव्वाशेच्या आसपास गोण्या भरतील. जिन्यावरून नेताना गोणी दोन-तृतीयांशच भरायला सांगा. गोण्या वाढतील, पण मजुराची कंबर आणि जिन्याच्या पायऱ्यांच्या कडा, दोन्ही वाचतील. गॅलरीतून खाली टाकू देऊ नका, कितीही घाई असली तरी. खाली कोण येतंय हे वरून दिसत नाही.

पैसे वाचवायचे तर दोन गोष्टी करा. एक, बोली खेपेवर करा, ‘सगळं मिळून’ अशी करू नका, आणि ट्रॉली काठोकाठ भरल्यावरच खेप धरा. दुसरी, शक्य असेल तर काम ऊसतोडीच्या हंगामाबाहेर काढा. कारखान्यांची धुराडी पेटली की जिल्ह्यातले निम्मे ट्रॅक्टर उसाच्या मागे लागतात. गाळप संपलं, ज्वारी घरात आली, की तेच ट्रॅक्टरवाले काम शोधत असतात.

आमचं घर पूर्व भागात आहे. आजोबा हातमागावर बसायचे, त्या मागांचे दोन खड्डे घरात अजून आहेत, वर फळ्या टाकून ठेवलेत. आता त्या खोलीत फरशी घालायची आहे. मोरीची भिंत पाडलेली आहे, तिच्या विटा-तुकडे या खड्ड्यांत टाकले तर चालेल का? शेजारी म्हणतात फरशी खचेल.

चालेल, आणि याहून चांगली जागा त्या विटांना मिळणार नाही. शेजारी म्हणतात तसं खचतं ते घमेल्याने नुसतं ओतून वर फरशी बसवल्यामुळे.

मी अशी खोली मागच्या वर्षी केली. खड्ड्याच्या काठाला शहाबादी फरशीचा एक तुकडा बसवलेला होता, विणकर ज्यावर टेकून बसायचा तो. पन्नास वर्षांच्या बसण्यानं त्याची कड काचेसारखी गुळगुळीत झाली होती. तो तुकडा मी फोडू दिला नाही. घरच्यांनी तो उंबऱ्याला लावला. तुमच्याकडेही असेल, आधी तो काढून बाजूला ठेवा.

मग खड्डा पूर्ण रिकामा करा. लाकडी खुंट्या, सुताचे गुंते, कुजलेल्या फळ्या, काहीही आत राहता कामा नये. लाकूड आत राहिलं तर वाळवी लागेल, आणि ते कुजलं की तिथंच पोकळी होऊन फरशी बसेल. तळाची ओली माती खरवडून कोरडी होऊ द्या.

भरताना तीन-चार इंचांचे विटांचे तुकडे तळाला हाताने रचा. मधल्या फटींत बारीक मलबा आणि मुरूम टाका. सहा इंचांचा थर झाला की पाणी मारा आणि धुम्मसाने ठोका. धुम्मस टणटण वाजून उडायला लागलं की थर बसला असं समजा. मग पुढचा थर. असं करत वरचे तीन-चार इंच सोडा आणि तिथं काँक्रीटचा कोबा करा. काळी माती चुकूनही घालू नका, ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पीओपीचे तुकडेही वेगळे काढा, ओल लागली की ते सिमेंटला खातात.

एक खड्डा ३ फूट लांब, अडीच फूट रुंद, अडीच फूट खोल धरला तर त्यात ठोकून वीसेक गोण्या मलबा जिरतो. दोन खड्ड्यांत चाळीस, म्हणजे जवळजवळ अर्धी ट्रॉली तुम्हाला दाराबाहेर न्यावीच लागणार नाही. शिवाय भरावासाठी विकत घ्यावा लागणारा मुरूम वाचला तो वेगळाच.

याच पत्रात तुम्ही अंगणातला जुना हौदही बुजवायचं म्हणता. तेवढं करू नका. नळाला रोज पाणी न येणाऱ्या या शहरात हौद पाडणं म्हणजे उद्या तेवढ्याच क्षमतेची टाकी विकत घेणं. त्यातून बुजवायचाच झाला, तर आधी तळ फोडून घ्या, नाहीतर आत साठलेलं पाणी झिरपायला जागा न मिळून बाजूच्या भिंतींना ओल येते.

साखर पेठेतलं आमचं वडिलोपार्जित माळवदाचं घर पाडून नवीन बांधायचं आहे. गल्लीत ट्रॅक्टर येत नाही. पाडणाऱ्याला आम्ही पैसे द्यायचे की त्याने आम्हाला द्यायचे?

घर काय काय पोटात धरून आहे, त्यावर हे अवलंबून आहे. बोली करण्याआधी एकदा वही घेऊन घरभर फिरा. सागवानी तुळया किती, खांब किती, चौकटी आणि दारं कोणत्या लाकडाची, जोत्याचा घडीव दगड किती, शहाबादी फरशी किती, लोखंडी गज आणि पत्रा किती, सगळं लिहा. सागवान भरपूर असेल तर पाडकाम करणारे स्वतः पैसे देऊन काम घेतात. साधं बाभळीचं लाकूड आणि मातीच्या भिंती असतील तर पैसे तुमच्याकडून जातील. ज्याने वही केली नाही त्याला दोन्ही बाजूंनी कमीच पडतं. जुन्या लाकडाच्या दोन-तीन व्यापाऱ्यांना घरी बोलावून तुळया दाखवा, लाकडाची किंमत वेगळी काढा, आणि मग पाडकामाची बोली करा.

माळवद पाडताना एक गोष्ट हात जोडून सांगतो. छतावरची माती आधी उतरवा, तुळईला हात नंतर. दहा बाय बारा फुटांच्या खोलीवर फूटभर पांढरी माती असेल तर ती १२० घनफूट होते, म्हणजे चार-पाच टन वजन डोक्यावर. खालून खांब काढून छत एकदम पाडलं की लवकर होतं, असं सांगणारे भेटतील. त्यांना काम देऊ नका. पेठेतल्या घरांच्या भिंती सामाईक असतात, तुमच्या छताबरोबर शेजाऱ्याची भिंत यायला वेळ लागत नाही. पाडकामाची परवानगी आणि शेजाऱ्याला लेखी कल्पना, दोन्ही आधी.

उतरवलेली पांढरी माती वेगळी पडली, त्यात काच, सिमेंट, प्लॅस्टिक गेलं नाही, तर ती फुकट नेणारा माणूस मिळतो. ज्यांची माळवदाची घरं अजून उभी आहेत ते खेड्यांतले लोक पावसाळ्याआधी छतावर हीच माती घालतात. मातीत किंवा चुन्यात बांधलेल्या विटा हातोडीच्या एका टोल्याने सुट्या होतात, त्या साफ करून रचा. कुंपणाच्या भिंतीला, मोरीला, पायाखालच्या भरावाला त्या उत्तम. सिमेंटमधल्या विटा मात्र साफ करत बसू नका, वीट फुटते आणि मजुरी विटेच्या किमतीपुढे जाते. शहाबादी फरशी कडेला पहार घालून हळू उचलली तर दहांतल्या सात-आठ अखंड निघतात.

गल्लीसाठी छोटा टेम्पो करा, आणि चौकापर्यंत हातगाडी. चौकात ट्रॉली लावून तिथं ढीग करायची घाई नको. ट्रॉली उभी असेल तेवढ्याच वेळात हातगाड्या चालवा. रस्त्यावर माल ठेवायचा तर महापालिकेची परवानगी लागते.

चार-पाच गोण्याच मलबा आहे. घंटागाडीत टाकला तर?

नका टाकू. घंटागाडी ओल्या-सुक्या कचऱ्यासाठी आहे. मलबा त्यात गेला की खताच्या ढिगात विटा येतात. बांधकाम आणि पाडकाम कचऱ्याचे केंद्राचे नियम २०१६ पासून आहेत आणि त्यांनुसार हा कचरा वेगळा ठेवण्याची, रस्त्यात-गटारात जाऊ न देण्याची पहिली जबाबदारी तो तयार करणाऱ्याची आहे, मग गोण्या चार असोत की चारशे. २०१६च्या त्या नियमांत दिवसाला २० टन किंवा महिन्याला ३०० टनांच्या वर गेलं तर काँक्रीट, माती, लोखंड-लाकूड-प्लॅस्टिक, विटा-मसाला असे चार ढीग वेगळे करायला सांगितले होते. घरातल्या साध्या दुरुस्तीत कुणी एवढं गाठत नाही, पण चार ढिगांची सवय लहान कामातही पैसे वाचवते. तुमच्या चार गोण्यांसाठी गल्लीत कुणाकडे काम चालू आहे ते बघा, त्यांच्या ट्रॉलीत तुमच्या गोण्या जातील. नाहीतर महापालिकेच्या झोन कार्यालयात जागा आणि दर विचारून मगच न्या.

आणि ट्रॅक्टरवाला ‘कुठं टाकतो ते तुम्ही विचारू नका’ म्हणाला, तर तोच ट्रॅक्टर परत पाठवा. धंद्याच्या सुरुवातीला मी विचारलं नव्हतं. एका कामाचा मलबा रात्रीत नाल्याच्या कडेला गेला. पुढच्या मोठ्या पावसात पाणी नाल्यातून न वाहता शेजारच्या वस्तीत शिरलं. एका घरात गुडघाभर चिखलात भिजलेली शाळेची दप्तरं वाळत घातलेली मी डोळ्यांनी पाहिली. आदिला नदी असो की शेळगीचा नाला, पाण्याची वाट अडली की ते कुणाच्या तरी उंबऱ्यातून वाट काढतं. तेव्हापासून मी प्रत्येक ट्रॉलीबरोबर माणूस पाठवतो. तुम्ही निदान माल उतरवल्याचा फोटो मागा आणि तो बघितल्यावर पैसे द्या.

अक्कलकोट रोडला आमची शेती आहे. पावसाळ्यात शेताची वाट चिखलात जाते, बैलगाडीसुद्धा रुतते. शहरातला मलबा आणून टाकला तर चालेल का? आणि जुन्या शेडचे सिमेंटचे पत्रे पण लोक देतो म्हणतात.

वाटेसाठी चालेल. काळ्या रानात वाट धरून ठेवायला विटा-काँक्रीटचा थर फार कामाला येतो, आणि शहरातल्या लोकांनाही जवळची जागा मिळाली तर खेप स्वस्तात पडते. वरच्या पत्रांतल्या बहुतेकांना तुमच्यासारखाच माणूस हवा आहे. पण घेताना अटी घाला. फक्त वीट, काँक्रीट, दगड, फरशी. काच, रंगाचे डबे, प्लॅस्टिक, वायरी, पीओपी, संडासाची फुटकी भांडी असलेली ट्रॉली उतरवू देऊ नका. पहिली खेप स्वतः उभं राहून बघा. एकदा घाण माल उतरला की तो वेचायला तुम्हालाच मजूर लावावे लागतील.

आधी वरची काळी माती फूटभर काढून बांधाला लावा. मग मोठे तुकडे खाली, बारीक वर, आणि शेवटी सहा इंच मुरूम, म्हणजे बैलाच्या खुराला धार लागणार नाही. वाट मधे थोडी उंच, दोन्हीकडे उतार. ओढ्यात किंवा चरात भराव घालू नका, तिथं पाइप टाका. वाट सामाईक पाणंद असेल तर ग्रामपंचायतीला आणि बांधभावाला आधी सांगा.

सिमेंटच्या पत्र्यांना मात्र नाही म्हणा. जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं. पत्रा अखंड आहे तोवर फारसा धोका नाही, पण फुटला की त्यातले डोळ्याला न दिसणारे तंतू हवेत जातात, श्वासाबरोबर फुफ्फुसात बसतात आणि तिथून निघत नाहीत. त्यातून होणारा आजार वीस-तीस वर्षांनीसुद्धा वर येतो. वाटेत टाकलेल्या पत्र्यावरून रोज ट्रॅक्टर गेला तर तो पीठच होणार. शेडवाल्यांना सांगा, पत्रे घणाने फोडू नका. पाणी मारून ओले करा, बोल्ट कापून अखंड उतरवा, तोंडाला पी-१०० दर्जाचा मास्क लावा (साधा एन-९५ या तंतूंसाठी पुरत नाही), जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून वेगळे ठेवा आणि झोन कार्यालयाला ‘ॲस्बेस्टॉसचे पत्रे’ असं नाव घेऊनच कळवा. काम करताना घातलेले कपडे घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नका, आणि तेवढा वेळ पोरांना त्या अंगणात फिरकू देऊ नका.