दाराशी उभी राहिलेली मुलगी

चि. सौ. का. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

राजकारणात उतरावेसे वाटते, पण तुमच्या संघटनेच्या बैठकीत तोंड उघडले की वडीलधारी मंडळी आधी वय विचारतात, ही तुझी तक्रार वाचली. त्यावर मी तुला दुर्गाबाई देशमुखांविषयी लिहितो. माजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांच्या पत्नी, एवढीच त्यांची ओळख आपल्याकडे अनेकांना असते, याची मला खंत वाटते.

१९२३ च्या काकीनाडा काँग्रेसच्या वेळी खादी प्रदर्शनाच्या दाराशी स्वयंसेविका म्हणून उभ्या असलेल्या या चौदा वर्षांच्या मुलीने तिकीट नाही म्हणून खुद्द जवाहरलाल नेहरूंना अडवले आणि तिकीट आणले जाईपर्यंत आत सोडले नाही. हा प्रसंग धिटाईचा म्हणून सांगितला जातो; मला त्यात नियम पक्का ठाऊक असण्याचे बळ दिसते.

मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगवास घडला, तेव्हा कायद्याचे काहीच ज्ञान नसल्यामुळे शिक्षा भोगत पडलेल्या बायका त्यांनी जवळून पाहिल्या. सुटल्यावर त्या अभ्यासाला बसल्या. आठव्या वर्षी लावून दिलेले लग्न पुढे नाकारणाऱ्या या बाईंनी मॅट्रिकपासून सुरुवात करून राज्यशास्त्रात एम. ए. केले आणि त्यानंतर कायद्याची पदवी मिळवली. तुला घाई आहे, हे मला कळते. पण त्यांच्या आयुष्यातली ही वर्षे वगळून पुढची वाचू नकोस.

संविधान सभेच्या सभापती तालिकेवर, म्हणजे अध्यक्षांच्या गैरहजेरीत सभा चालवणाऱ्या सदस्यांच्या यादीत, त्या एकट्याच स्त्री होत्या. राज्यसभेच्या सदस्यत्वासाठी ३५ वर्षांची अट घालण्याचे घाटत होते, तेव्हा ती ३० वर आणण्याची दुरुस्ती त्यांनी १९४९ मध्ये मांडली, शहाणपण वयावर अवलंबून नसते असे सभागृहाला सांगितले, आणि ती मान्य झाली. संविधानाचा ८४ वा अनुच्छेद उघडून पाहा, तो आकडा आजही तिथे आहे. वयावरून बोलणाऱ्यांना दिलेले याहून नेटके उत्तर मला माहीत नाही.

१९५२ ची लोकसभा निवडणूक मात्र त्या हरल्या. त्यानंतर त्या नियोजन आयोगावर गेल्या, आणि १९५३ मध्ये केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. त्याच सुमारास चीनचा दौरा करून आल्यावर त्यांनी स्वतंत्र कुटुंब न्यायालयांचा आग्रह धरला. त्या न्यायालयांचा कायदा १९८४ मध्ये झाला. दुर्गाबाई १९८१ मध्येच गेल्या होत्या.

तुमच्या संघटनेच्या घटनेतले कोणते कलम तुला बदलायचे आहे, ते नव्या शब्दांसह एका कागदावर लिही आणि पुढच्या बैठकीआधी मला दाखव.

तुझा शुभचिंतक