दम कोंडू नको, भाऊ

भाऊ, लिंगाला ताठरता कमी येते म्हणालास, तर आधी तालुक्याला जाऊन शुगर-बीपी तपास. ताठरता कमी होण्यामागे बरेचदा तेच असतं. बाजारातल्या जडीबुटीवाल्याला पैसे देऊ नको.

मग ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा हा व्यायाम कर. उताणा झोप, गुडघे वाकव. पोटातला वारा सरताना अडवायला आवळतो तसं आवळ. लिंगाचं मूळ किंचित आत ओढलं जातं. पोट, मांड्या, कुल्ले ढिलेच. पाच सेकंद आवळ, दहा सेकंद पूर्ण सोड. दहा वेळा, दिवसातून तीनदा. मी पहिला महिना दम कोंडूनच करायचो, काही गुण आला नाही. फिजिओथेरपिस्टनं पोटावर हात ठेवला तेव्हा चूक कळली. आता वावरात धुऱ्यावर बसूनही करतो. फरक पडायला तीन महिने धर.

बसताना दुखत असेल, लघवीला जळजळ असेल तर थांब, डॉक्टरला दाखव. कधी हे स्नायू आधीच ताठलेले असतात. त्यांना सैल सोडायला शिकावं लागतं.

वहिनीलाही सांग, लपवू नको.