सावर, रुई आणि इंग्रजीतले रेशमी शब्द

प्रश्न: मुलगी बीएस्सीला बॉटनी घेऊन शिकतेय, तिच्या पुस्तकात कपोक, फ्लॉस, सेरिशियस असले शब्द येतात. आमच्याकडे पेठला काटेसावरीच्या कापसाच्या उश्या करायचे, मग कपोक म्हणजे सावरच का? आणि रेशमासारख्या धाग्यांचे असे अजून वेगळे इंग्रजी शब्द असतील तर सांगा ना.
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर: ताई, जवळजवळ बरोबर. खरा कपोक म्हणजे पांढरी सावर, आणि तुमची लाल फुलांची काटेसावर तिची जवळची नातेवाईक, तिच्या कापसाला इंग्रजीत इंडियन कपोक म्हणतात. कपोक हा शब्द मूळचा मलय भाषेतला. काटेसावरीचं शास्त्रीय नाव बॉम्बॅक्स, आणि रेशमाच्या किड्याचं बॉम्बिक्स, दोन्ही ग्रीकमधल्या रेशमाच्याच शब्दावरून आलेत, कापूसच इतका तलम की नाव ठेवणाऱ्यांना रेशीम आठवलं असणार. पण हा कापूस चरख्यावर नीट येत नाही हं, तंतू आखूड आणि गुळगुळीत, पिळ धरत नाही, म्हणून उश्या-गाद्यांतच गेला. तंतू आतून पोकळ, त्यात हवा आणि वरून मेणाचा थर, त्यामुळे पाणी शोषत नाही, म्हणून पूर्वी लाइफ जॅकेटमध्ये कपोकच भरायचे.

आणि इथेच फ्लॉस येतो, मला तर हा भाग सगळ्यात आवडतो. 1942 मध्ये जपानने जावा बेट घेतलं आणि अमेरिकेला येणारा कपोक बंद झाला, मग तिथल्या शाळेतल्या मुलांनी रानातून मिल्कवीडच्या शेंगा गोळा केल्या, त्यातल्या रेशमी केसांनी म्हणजे फ्लॉसने जॅकेटं भरली. मिल्कवीड आपल्या रुईच्याच कुळातली. रुईची शेंग फुटली की जी म्हातारी उडते ना, तोच हा फ्लॉस! तसं रेशमाच्या कोषावरच्या बाहेरच्या विस्कटलेल्या धाग्यालाही फ्लॉसच म्हणतात, आणि दात साफ करायचा धागासुद्धा आधी रेशमाचाच असायचा. मुलीला रुईची शेंग तोडायला सांगाल तर चीक डोळ्याला लागू देऊ नका, खरंच त्रास होतो.

अजून एक शब्द, बिसस. भूमध्य समुद्रात पिन्ना नावाचा मोठा शिंपला असतो, तो तळाला धरून राहायला जे धागे सोडतो ते बिसस, त्यातून सोनेरी कापड विणायचे, त्याला सी सिल्क म्हणतात. इटलीच्या सार्डिनियात ही कला होती, आता शिंपला संरक्षित आहे. आणि इंग्रजीतला टसर किंवा टसा हा तर आपला तसरच, म्हणजे तसर रेशीम, भंडारा-गडचिरोलीकडे ऐन-अर्जुनाच्या झाडांवर होतो तोच. येवल्याची पैठणी मात्र तुतीच्या रेशमाची, ते वेगळं.

राहिला सेरिशियस, म्हणजे ज्या पानावर मऊ, चपटी बसलेली रेशमी लव असते ते. सेरिकल्चर म्हणजे रेशीमशेती, त्या शब्दाचं मूळही तेच, ग्रीक लोक रेशीम आणणाऱ्या पूर्वेकडच्या लोकांना सेरेस म्हणायचे. मुलीला समुद्रशोकाचा वेल दाखवा, मोठ्या पानाची मागची बाजू पांढरट लवेने भरलेली असते, बोट फिरवलं की लगेच कळेल.