स्टिअरिंग जड झाले म्हणून लगेच पंप बदलू नका

कापूस भरून वणीच्या बाजार समितीत जाताना पिकअपचे स्टिअरिंग जड लागते, असे तुम्ही सांगितले. ऑइलच्या दाबाने स्टिअरिंग हलके करणारा पॉवर स्टिअरिंगचा पंप उघडण्याची घाई करू नका. आधी पुढच्या चाकांतील हवा मोजा, कारण हवा कमी असली तरी स्टिअरिंग जड होते. नंतर इंजिन बंद करून स्टिअरिंग ऑइलची पातळी पाहा. ती उतरलेली असेल तर ऑइल कुठेतरी गळतच असणार, म्हणून नुसती भर घालून थांबू नका. आपल्याकडील काळ्या मातीचा चिखल पाइपांच्या सांध्यांवर वाळून बसतो आणि गळती झाकून टाकतो. मी स्वतः त्यामुळे एकदा फसलो आहे, तेव्हा सांधे धुऊन, पुसून, दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासा. ऑइल फेसाळलेले दिसले आणि वळवताना कण्हल्यासारखा आवाज आला, तर त्यात हवा शिरली आहे असे समजा. ती काढण्यासाठी पुढची चाके उचलून, खाली पक्का आधार देऊन, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत सावकाश 15 ते 20 वेळा फिरवा आणि पातळी घटेल तसे ऑइल भरत राहा. किंचाळणारा आवाज मात्र बहुधा पंप फिरवणाऱ्या सैल पट्ट्याचा असतो. ऑइल गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलेच वापरा.