ब्लड बोल लीगमध्ये जखमी खेळाडू लवकर बरा व्हावा म्हणून घरचे नियम कोणते ठेवावेत?

तुम्ही लिहिलंय की ब्लड बोलची, म्हणजे एल्फ, ऑर्क अशा काल्पनिक जमातींचे संघ घेऊन फाशांनी पटावर खेळायच्या फुटबॉलची, सहा संघांची लीग आहे, तिसऱ्याच सामन्यानंतर दोघांचे संघ लंगडे झाले, नवखे कंटाळलेत, म्हणून खजिन्यातलं सोनं भरून जखमी खेळाडूला पुढच्याच सामन्यात उतरवता येईल असा नियम करायचा विचार आहे. करू नका. आम्ही सांगलीत अगदी हाच नियम केला होता, आणि तो मीच मागून घेतला होता.

विश्रामबागेत दादाच्या घरी रविवारी दुपारी आमची लीग चालते. दादा, वहिनी, दादाचे दोन मित्र, मामाचा मुलगा आणि मी. २६ बाय १५ चौकटींचं मैदान वहिनीने कार्डशीटवर आखलंय. सोळा बाजूंचा फासा आमच्याकडे नाही, म्हणून १ ते १६ आकड्यांच्या चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात टाकल्यात. कुणी जायबंदी झालं की समोरच्याने डब्यात हात घालायचा. त्या वेळी भडंग खाणारेसुद्धा थांबतात.

माझा संघ वुड एल्फांचा. त्यात एक वॉरडान्सर होता, संघातला सगळ्यात महागडा गडी, सव्वा लाख सोन्याचा. संघ उभा करायला मिळतात दहा लाख, म्हणजे आठवा हिस्सा त्या एकट्यावर. पाचव्या सामन्यात तो पडला आणि चिठ्ठी निघाली ११. पुढचा सामना बंद, शिवाय निगल, म्हणजे पुढच्या प्रत्येक चिठ्ठीत एक मिळवायला लावणारी जुनी दुखापत, कायमची मागे लागली. अपोथेकरीला आम्ही हाडवैद्य म्हणतो. तो त्याच सामन्यात आधीच दुसऱ्यावर वापरून झाला होता. पुढचा सामना दादाच्या ऑर्कांशी, आणि जिंकेल तो अंतिम फेरीत.

मी म्हटलं, "हाडवैद्य ठेवायला पन्नास हजार लागतात ना? मी आणखी पन्नास हजार भरते. वॉरडान्सर पुढच्या रविवारी खेळेल."

वहिनी म्हणाली, "नियमात नाही ते." दादाने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "खेळू दे तिला."

दुसऱ्या सत्रातला माझा सहावा टर्न संपला आणि दादाच्या एका ऑर्कने वॉरडान्सरला आडवा केला. चिलखत फुटायला आठ लागतात, नऊ पडले. दुखापतीच्या फाशांवर दहा, म्हणजे जायबंदी. हाडवैद्य पहिल्याच सत्रात खर्च झालेला. दादाने डब्यातून चिठ्ठी काढली, १४. एरवी १४ म्हणजे खेळाडूचा एखादा गुण कमी होतो, एक सामना जातो, पण तो जगतो. निगल असली की त्यात एक मिळवायचा. पंधरा. मेला.

निरोगी खेळाडूला मारणाऱ्या चिठ्ठ्या सोळात दोन, निगलवाल्याला तीन. हे मला ठाऊक होतं. त्या दिवशी मी दादाशी भांडले ते यावरून नव्हे. "खेळू दे तिला" हे तीन शब्द मी आधी एकदा ऐकले होते.

मी कॉलेजकडून खो-खो खेळायचे. सतरा वर्षांची होते. सरावात खांबावर सूर मारताना गुडघा फिरला, सुजला. दोन आठवड्यांत सूज उतरली, जिना चढता यायला लागला. अठराव्या दिवशी विट्याला सामने होते. आई नको म्हणत होती. दादा तेव्हा एकवीसचा, घरात त्याचा शब्द चालायचा. तो आईला म्हणाला, "खेळू दे तिला, बरी दिसतीय की." तासगावमार्गे त्याच्याच मोटरसायकलवर मागे बसून गेले. पहिल्याच पळतीत हुलकावणी द्यायला वळले आणि गुडघ्यातून आवाज आला. लिगामेंट पूर्ण तुटलं होतं. मिरजेत ऑपरेशन झालं. खो-खो संपला. मी फिजिओथेरपी शिकले आणि आज मिरजेतच ते काम करते.

दादाचं म्हणणं आजही तेच, "तूच म्हणालीस ना, मला काही होत नाही म्हणून?" हो, म्हणाले. प्रत्येक जण तेच म्हणतो. माझ्याकडे पैलवान येतात, कबड्डीतल्या मुली येतात. जत्रेचं मैदान तोंडावर आलेलं असतं, वस्ताद सोबत असतो, आणि पोरगा टेबलावर बसून सांगतो की आता दुखत नाही. दुखणं आणि सूज आधी जाते, आतलं भरून यायला कितीतरी जास्त वेळ लागतो. लिगामेंट नवं बसवल्यावर नऊ महिन्यांच्या आत आम्ही मैदानात पाठवत नाही, आणि महिने भरले तरी ताकदीच्या आणि उडीच्या चाचण्या घेऊनच सोडतो. त्या पोराला खेळायचंच असतं, त्याच्या "बरा आहे"ला काही अर्थ नसतो. नाही म्हणणारा दुसरा कुणीतरी लागतो.

ब्लड बोलमध्ये ते काम नियम करतो. ७ ते ९ आलं की पुढचा सामना नाही, १० ते १२ला निगलही मागे लागते, १३-१४ला गुण जातो. मालकाला कुणी विचारत नाही. तुम्ही सोनं भरायची सोय केलीत की निर्णय पुन्हा मालकाच्या हातात गेला, आणि मालक प्रत्येक वेळी पैसे भरणार. मी भरलेच.

आता आमच्याकडे असं चालतं. सामना बंद झालेल्या खेळाडूचं मिनिएचर, म्हणजे पटावरची छोटी बाहुली, वहिनीच्या एका वेगळ्या डब्यात जातं आणि डबा स्वयंपाकघरात, वरच्या फळीवर. पुढचा सामना संपेपर्यंत तो खाली येत नाही. निगलसाठी एक सवलत ठेवलीय. सक्तीने बाहेर बसायचा सामना झाल्यावर मालकाने आपणहून त्याला आणखी एक सामना बसवला, तर साधा फासा टाकायचा. ५ किंवा ६ आला तर निगल गेली, नाहीतर राहिली. फासा टाकतो समोरचा. सोन्याचा संबंध कुठेच नाही. यामुळे झालं काय, की लोक बाकावरच्या खेळाडूंकडे बघायला लागले. मामाच्या मुलाने तेरा जणांचा संघ चौदाचा केला. आधी तो सगळं सोनं तीन स्टारांवर उधळायचा.

तुमच्या नवख्यांचं दुखणं मला वेगळंच वाटतं. त्यांना सामना बंद झाल्याचा राग नसतो, सहाच जण घेऊन उभं राहावं लागेल याची धास्ती असते. पण अकरा भरेपर्यंत फुकट जर्नीमन, म्हणजे तात्पुरते खेळाडू, मिळतात हे त्यांना नीट सांगितलंय का? लोनर, म्हणजे संघात न मिसळलेले, असतात, त्यांच्यासाठी संघाचा रीरोल (फासा पुन्हा टाकायची संधी) ४ किंवा जास्त आला तरच चालतो, पण माणसं उभी राहतात. तेही पुरत नसेल तर प्रत्येक नवख्याला मोसमात एकदा फुकट हाडवैद्य द्या, तो चिठ्ठी निघाल्याबरोबर लागलीच वापरायचा. दुसरी चिठ्ठी काढायची आणि दोन्हींतली परवडेल ती घ्यायची. सामन्यांच्या मधल्या आठवड्यात सौदे नकोत.

हे आकडे २०२० च्या आवृत्तीतले आहेत, तुमची वेगळी असेल तर जुळवून घ्या. आणि चार सामन्यांचीच लीग असेल किंवा लहान मुलं खेळत असतील, तर सक्तीचा सामना सरळ काढून टाकलात तरी बिघडणार नाही. दहा वर्षांच्या मुलाला त्याचा आवडता खेळाडू डब्यात ठेवायला लावू नका. काय ठरवायचं ते पहिल्या सामन्याआधी कागदावर लिहा. मोसमाच्या मध्यात कुणी सवलत मागितली, मग ती तुमची बहीण का असेना, नाही म्हणा.

दादा हे वाचणार आहे, वहिनी त्याला दाखवेलच. दादा, वॉरडान्सरचं माझ्यावर. सोनं मी भरलं, मी मोठी होते, मला कळत होतं. विट्याचं तसं नाही. तेव्हा मी विचारत होते, आणि नाही म्हणायचं काम तुझं होतं.