सीबी रेडिओवर दूरचे आवाज

प्रश्न : मी टेक्सासमध्ये ट्रक चालवतो. दुपारी सीबीच्या, म्हणजे ट्रकवाले आपसात बोलायला वापरतात त्या रेडिओच्या, १९ नंबर चॅनेलवर दूरदूरच्या राज्यांतले आवाज येतात, पण पाच मैलांवरचा ट्रकवाला ऐकू येत नाही. शिवाय गाडी चालू असताना शीळ वाजते. सेट बिघडलाय का?

उत्तर : अजिबात नाही, नवा सेट घेऊ नका. सीबी २७ मेगाहर्ट्झच्या आसपास चालते. एरवी या लहरी वर गेल्या की आयनांबर, म्हणजे वातावरणाच्या वरच्या भागातला विद्युतभारित थर, भेदून निघून जातात. पण सूर्यावरचे डाग वाढले की तोच थर दिवसा त्यांना परत जमिनीवर वळवतो, दीड-दोन हजार किलोमीटर पलीकडे, आणि त्या गर्दीत जवळचा आवाज बुडून जातो. २०२४ च्या आसपास सौरचक्र, म्हणजे सूर्यावरचे डाग वाढण्या-घटण्याचं चक्र, भरात होतं, तेव्हा तर नुसता गलका असायचा. उन्हाळ्यात दुसऱ्याच एका थरामुळे असं अचानक घडतं, तासाभरात विरतंही. अशा वेळी आरएफ गेन, म्हणजे सेट किती कमजोर लहरी पकडेल ते ठरवणारं बटण, कमी करा. जवळचा जोरकस आवाज बऱ्याचदा वर येतो.

शिळेचं मात्र गाडीतच शोधा. माझ्या जुन्या पिकअपमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबला की शीळ चढायची, म्हणजे दोष इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरकडचा. लायटरच्या सॉकेटमधून घेतलेली वीज तोडून फ्यूज घालून थेट बॅटरीपासून वायर ओढली, अँटेनाच्या बुडाचा रंग खरवडून पत्रा उघडा केला, तेव्हा ती गेली. उरलेली खरखर फोनच्या चार्जरची निघाली! म्हणून आधी चार्जर उपसून बघा.

आणि कितीही गर्दी असली तरी गप्पांसाठी ९ नंबरवर जाऊ नका, तो अडचणीतल्या माणसासाठी राखलेला आहे.